पाठमोरी रेमाई

टाकळी नादेश्वरच्या बारवेवर, वरून दुसऱ्या पायरीच्या कडेला, दगडाची ही बाई बसली आहे. गुडघे पोटाशी घेतलेले, हात गुडघ्यांभोवती, मान खाली पाण्याकडे झुकलेली. नाक झिजून गेलंय, एका कानातली कुडी तेवढी शाबूत आहे. पण येणाऱ्याच्या नजरेत आधी भरते ती तिची पाठ. तिच्या मागं वीस पावलांवर नादेश्वराचं देऊळ, यादवांच्या काळातलं, चुन्याचं बोट न लावता दगडावर दगड बसवलेलं. आणि ही त्या देवाकडे पाठ करून बसलेली. बाहेरगावचं माणूस आलं की पहिला प्रश्न हाच विचारतं, "गुरव, ही बाई देवावर रुसलीय का?"

रुसली होती, यात शंका नाही. पण देवावर नव्हे.

बसा मंडळी, सांगतो. मी अंबादास गुरव. या देवळाची पूजा आमच्या घरात आहे आणि आल्यागेल्याला गोष्ट सांगायचं कामही आमच्याच घरात आहे. पूजेला एक वेळ खाडा झाला तर देव चालवून घेतो, गोष्टीला झालेला चालत नाही. कुलथे सर, तुम्ही लातूरहून एवढ्या मंडळींना एका दिवसात पाचेश्वर दाखवायला आणलंत, चांगलं काम आहे. पण तुमच्या कागदावर या ठिकाणाला वीस मिनिटं लिहिलीत, ते मी तुम्ही बसमधून उतरतानाच वाचलं. आठशे वर्षांच्या दगडाला वीस मिनिटं, आणि पलीकडच्या जेवणाला दीड तास. असू द्या. ती शिट्टी जरा गळ्यातच राहू द्या.

तुम्ही सगळ्यांनी बारवेत उतरून पाय बुडवले, हे बरं केलंत. उज्ज्वलाताई, मोजे नका घालू. पुसायचेही नाहीत, तो रुमाल पिशवीत ठेवा. इथली रीत अशी, की बारवेत पाय ओले करायचे, मग या ओट्यावर बसून ते आपोआप वाळू द्यायचे, आणि वाळल्या पायानंच नदी ओलांडून पैलेश्वराला जायचं. आमच्या गावची वरातसुद्धा इथं बसते. नवरा घोड्यावरून उतरून बूट काढतो आणि पाय हलवत बसतो. घाई करणाऱ्या व्याह्याला आम्ही सांगतो, मुहूर्त पुढं न्या, पाय नेता येत नाहीत.

गंमत अशी की मूळची रीत नेमकी उलटी होती.

असं सांगतात की फार पूर्वी, देवगिरीला यादवांचं राज्य होतं तेव्हा, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पाचेश्वराची फेरी निघायची. तुम्ही आज बसनं करताय तीच. पाच महादेव, नऊ कोस वाट, सूर्य उगवताना निघायचं आणि मावळायच्या आत पाचव्याला पोचायचं. मध्ये कुठं बूड टेकायचं नाही, भाकरी खायची तर चालता चालता. चौथा हा नादेश्वर आणि पाचवा पैलेश्वर, बोरडी नदीच्या पलीकडं. नादेश्वराचं दर्शन झालं की बारवेत पाय बुडवायचे आणि ते पाणी पायावर वाळायच्या आत नदीत पाय घालायचा. या पाण्याची त्या पाण्याशी भेट घडवायची, त्यात पुण्य. पाय वाळले की फेरी मोडली. म्हणून माणसं बारवेतून वर आली की पळत सुटायची. म्हाताऱ्या माणसांना तर म्हणे पोरं पाठुंगळी मारून पळवायची, आणि पाय वाळू नयेत म्हणून वाटेत त्यांच्या पायांवर तांब्यातलं बारवेचं पाणी शिंपडायची.

त्या काळात इथं चांगो नावाचा गुरव होता. आमचा मूळपुरुष. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की त्याची बायको रेमाई.

रेमाईचं काम रोज पहाटे बारवेतून देवाच्या अभिषेकाचं पाणी काढायचं. बारव खोल. माझे आजोबा सात बांबू सांगायचे, मी नऊ सांगतो, पाणी उपसून कुणी मोजलेली नाही. तळाशी एका शिळेवर कासव कोरलेलं आहे. पाणी निवळ असलं की वरच्या पायरीवरून त्या कासवाचे डोळेसुद्धा दिसतात. रेमाई खाली उतरायची, घागर भरायची, वर येऊन या दुसऱ्या पायरीवर पाय वाळवत बसायची. दिवसभरात तिला तेवढीच बैठक मिळायची, त्यामुळं ती नीट बसायची आणि नीट बघायची.

बघता बघता तिच्या लक्षात एक गोष्ट आली. एखाद्या दिवशी कासवाच्या पोटाखालून तांबूस पाण्याची एक दोरी वर यायची. बारीक, सुतासारखी. मग ती जाड व्हायची आणि थोड्या वेळात सगळं पाणी गढूळ होऊन जायचं. इथं आभाळ कोरडं ठाक, झाडाचं पान हलत नाही, आणि बारव लाल. आणि बारव लाल झाली की घटकाभरात बोरडी नदीला लोंढा यायचा, बाभळी उपटून घेऊन. वर बालाघाटात पाऊस कोसळलेला असायचा. तो नदीनं यायच्या आधी जमिनीखालून, कुठल्या कपारीनं, बारवेला निरोप धाडायचा. कसा, ते भूगर्भवाल्यांना विचारा. दोनदा येऊन गेले ते, दोनदा वेगवेगळं सांगून गेले.

म्हणजे बारवेत बघितलं की नदीचं कळतं. इतकी सोपी गोष्ट. अडचण एकच होती. फेरीच्या दिवशी शेकडो पाय त्या पायऱ्यांवर उतरायचे, तिथला गाळ ढवळला जायचा आणि पाणी आपल्याच पायांनी गढूळ व्हायचं. ते पायांचं गढूळ की डोंगराचं, हे ओळखायला पाणी निवळू द्यावं लागे. आणि निवळायला लागणारा वेळ म्हणजे ओले पाय वाळायला लागतो तेवढाच. हे रेमाईला ठाऊक होतं, कारण रोज तेच दोन्ही ती बघत बसायची. तेवढ्यात कासव दिसलं तर खुशाल जा, नाही दिसलं तर बसा.

एका श्रावणात तिचा भाऊ फेरीत आला. माइदेव त्याचं नाव. बारवेतून वर येताना रेमाईनं त्याचा हात धरला.

"दादा, पाणी निवळू दे. घडीभर बस."

माइदेव हसला. "तू तर बस म्हणशील, मग भाकरी खा म्हणशील, मग मुक्काम कर म्हणशील. पाय वाळतील की गं माझे!" हात सोडवून तो पळाला. जाता जाता मागं वळून ओरडला, "येताना येतो, झुणका करून ठेव!"

त्या दिवशी माणसं नदीच्या उतारावर, पायी ओलांडायच्या जागी, मध्यावर असताना लोंढा आला. सतरा माणसं गेली. माइदेव त्यात होता. झुणका चुलीवर होता, असं सांगतात. हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं पुष्कळ वाढवतो, हे नाही.

सुतक फिटल्यावर रेमाईनं सांगायला सुरुवात केली. आधी नवऱ्याला सांगितलं. चांगो म्हणाला, "देवाच्या मनात होतं." ती म्हणाली, "देवाच्या मनातलं मला माहीत नाही, बारवेतलं माहीत आहे." चांगोनं घंटा वाजवायला घेतली. मग ती पाटलाकडे गेली. पाटलानं सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली, आणि विचारलं, "चांगो कुठंय? त्याला पाठव." चांगोला पाठवलं तर पाटील त्याला म्हणाला, "बायकोला भावाचं दुःख झालंय, जरा सांभाळ." ती गावच्या जोश्याकडे गेली. जोशी म्हणाला, ओल्या पायाची रीत शास्त्रात आहे. कुठल्या शास्त्रात, विचारलं तर म्हणाला, बायकांना सांगायचं नसतं. पाणी भरायला येणाऱ्या बायकांना तिनं तांबडी दोरी प्रत्यक्ष दाखवली. त्यांनी बघितली, गालाला हात लावला, म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की!" आणि घागरी उचलून आपापल्या घरी जाऊन गप्प बसल्या. कुणाच्या घरी कोण ऐकणार होतं?

वर्षभर ती सांगत राहिली. शेवटी शेवटी माणसं तिला लांबून बघून वाट बदलायला लागली. पोरं एकमेकांना चिडवायची, "बस बस, पाय वाळव, रेमाई आली!"

मंडळी, खोटं बोलणाऱ्याला एवढा त्रास होत नाही. मी स्वतःच्या अनुभवानं सांगतो. मी या देवळाच्या खांबात सोनं आहे म्हणून सांगितलं तर तुम्ही लगेच खांबाला कान लावाल. खरं सांगणाऱ्याकडे मात्र माणूस असा बघतो, की याला आपल्याकडून काहीतरी पाहिजे.

पुढच्या श्रावणात फेरी आली. निशाण होतं हरनायकाच्या हाती. हा हरनायक पलीकडच्या गावचा, छाती अशी, मिशी अशी. फेरीचं निशाण त्याच्या घराण्याकडे, आणि दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा लवकर पोचायचं हा त्याचा हट्ट. दर्शनाला देवासमोर उभा राहायचा तेव्हासुद्धा म्हणे एका पायावर उभा राहायचा, दुसरा पुढं टाकायला तयार. कुलथे सर, तुमच्याकडे बघून नाही म्हणत मी.

आणि त्या फेरीत लाडाई होती. माइदेवाची मुलगी, सोळा-सतरा वर्षांची. बापाची फेरी चौथ्या देवापाशी अपुरी राहिली, ती पुरी करायचा नवस आईनं तिच्या पायावर घातला होता.

रेमाई बारवेच्या तोंडाशी उभी होती. माणसं उतरत होती, पाय बुडवून वर येत होती, पळत होती. पाणी तर पायांनी ढवळून काढलेलं. पण कडेच्या कोनाड्यात, जिथं कुणाचा पाय पोचत नाही, तिथं तिला तांबडं दिसलं. दिसल्यासारखं वाटलं. खात्री करायची तर पाणी निवळायला हवं होतं, आणि निवळू द्यायला कुणी तयार नव्हतं.

तिनं लाडाईला धरलं. "बाई, थांब. तुझ्या बापाला मी असंच म्हटलं होतं."

लाडाईच्या डोळ्यात पाणी आलं. "आत्या, मला कामून अडवतीस? बाबाची फेरी माझ्या पायावर हाय. पाय वाळले तर त्याचीबी मोडंल अन् माझीबी."

"अगं, जीव जाईल!"

"बाबाचा गेलाच की."

मागून हरनायक गरजला, "गुरवीणबाई, वाट सोडा! दरसाल हेच काय लावलंय?" माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "बस बस, पाय वाळव." लाडाईनं हात सोडवला. अगदी बापासारखा.

तेव्हा रेमाईनं केस सोडले.

असं सांगतात की तिनं आधी एक किंकाळी फोडली, त्या किंकाळीनं देवळाच्या खांबांत नाद घुमला आणि घंटा आपोआप वाजली. घंटेचं मी सांगत नसतो, पण आज तुम्ही एवढ्या लांबून आलात. मग ती घुमायला लागली. डोळे फिरवले, हात उगारले, आणि घोगऱ्या आवाजात, देवाच्या आवाजात बोलली, "थांब रे! माझं तीर्थ पायावर घेऊन कुठं पळतोस? ते तुझ्या अंगात मुरल्याबिगर जो नदीत पाय घालील, त्याची फेरी मला पावणार नाही! बस खाली! पाय वाळंपर्यंत बस!"

मंडळी, सगळे बसले.

जो जिथं होता तिथं बसला. पाटील बसला, जोशी हात जोडून बसला. चांगो गाभाऱ्यातून धावत आला आणि बायकोच्या पाया पडला. नदीकडे पळालेले उतारावरून उलटे फिरून येऊन बसले. हरनायक निशाण धरून उभा राहायला बघत होता, त्याला चौघांनी धरून खाली ओढलं. वर्षभर घसा फोडून जे सांगितलं ते एकानं ऐकलं नव्हतं. तेच, त्याच तोंडून, आवाज बदलून सांगितलं तर शेकडो माणसं श्वास रोखून बसली. किती म्हणाल तर आजोबा तीनशे सांगायचे, वडील चारशे. मी साधारण बसमध्ये किती आलेत ते बघून सांगतो.

रेमाई घुमत राहिली. थांबली असती तर माणसं उठली असती. घुमता घुमता तिचं लक्ष पाण्याकडे. पाय वाळत आले. वरचा गाळ बसायला हवा होता, बसला नाही. कासव दिसलं नाही. उलट पाणी वरच्या पायरीपर्यंत लालभडक झालं. आणि मग तो आवाज आला, लांबून, भरलेल्या शंभर गाड्या दगडी वाटेवरून याव्यात तसा. बोरडी नदी या लिंबाच्या झाडापर्यंत चढली. उतारावर माणूस असता तर काडीसारखा गेला असता. एकही नव्हता.

लाडाई आत्याला मिठी मारून रडली. पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं, फेरी पुरी झाली. देवानंच बसवलं होतं, म्हणून मोडली नाही असं ठरलं.

इथं गोष्ट संपली असती तर ही बाई देवाकडे तोंड करून बसली असती.

दुसऱ्या दिवसापासून रेमाईच्या दारात रांग लागली. नारळ, खण, उदबत्त्या. कुणी विचारतं, म्हैस हरवली, कुठं सापडेल? कुणी विचारतं, सुनेला दिवस कधी जातील? ती सांगायची, "बाबांनो, देव आला नव्हता. मीच बोलले. तुम्ही ऐकत नव्हता म्हणून बोलले. म्हशीचं मला माहीत नाही, बारवेचं विचारा." माणसं कौतुकानं एकमेकांकडे बघायची. "देव अंगातून गेला की ज्याच्या अंगात आला त्या झाडाला काही आठवत नसतं." आणि नारळ ठेवून जायची. पाण्याचं एकानं विचारलं नाही. चांगो नारळ मोडून खोबरं वाळवत होता, त्यालाही सवड नव्हती.

ती मात्र सांगत राहिली, आणि सांगता सांगता ते हरनायकाच्या कानावर गेलं. चारचौघांत खाली ओढल्याचा सल त्याला होताच. त्यानं गोतसभा बोलावली. याच ओट्यावर, तुम्ही बसलात तिथं. म्हणाला, "बाई स्वतः म्हणते देव आला नव्हता. मग रीत बदलली कुणी? हातात बेल घेऊन नादेश्वरासमोर सांगू दे. देव बोलला असेल तर पुढं जन्मभर आम्ही बसू. नसेल बोलला तर ओल्या पायाची जुनी रीत पुन्हा चालू."

बेल हातात घेऊन खोटं बोललं तर जीभ झडते, वंश बुडतो, सात जन्म देवाचं दार बंद होतं, असं त्या वेळी लहान मूलही जाणत होतं. आणि ही तर गुरवाच्या घरची, रोज त्याच देवाला त्याच बेलाचं पान वाहणारी.

बेल तळहातावर ठेवल्यावर रेमाईनं सगळ्यांवरून नजर फिरवली. लाडाई पुढंच बसली होती. हरनायकानं आव्हान दिल्यावर तीच पहिल्यांदा म्हणाली होती, की जुनी रीत आली तर बाबाच्या नावानं दरसाल फेरी करीन, ओल्या पायानं.

रेमाईनं एवढंच विचारलं, "मी म्हटलं, की मीच बोलले, पण खरं तेच बोलले, तर थांबाल का?"

माणसं हरनायकाकडे बघायला लागली.

मग हरनायक म्हणाला, आणि तो काही रागानं म्हणाला नाही, लहान पोराला समजवावं तसं म्हणाला, "रेमाई, बाईमाणसाच्या सांगण्यावरून फेरी थांबत नसते. देवानं सांगितलं तर थांबते."

"बरं," रेमाई म्हणाली. मूठ मिटून तिनं हात वर केला. "मग देवच बोलला."

बेल तिनं उंबऱ्यावर ठेवला. वळली. आणि असं सांगतात की त्या दिवसानंतर तिनं कधी देवळात पाऊल टाकलं नाही. खोटी शपथ घेतलेल्या तोंडानं देवासमोर जायचं कसं? जीभ झडेल म्हणून वर्षभर वाट बघितली. झडली नाही. घरात काही वाईट व्हावं, तर तेही झालं नाही. माझे वडील म्हणायचे, देवानं साधी शिक्षासुद्धा केली नाही, याचाच तिला जास्त राग आला असणार. माणसं ऐकत नव्हती ती नव्हतीच, आता देवही कानावर हात ठेवून बसला. मग तिनं आपली शिक्षा आपणच घेतली. दुसऱ्या पायरीवर, देवाकडे पाठ करून ती बसू लागली. पाण्यावर नजर ठेवायचं काम सुटलं नाही. फेरीच्या दिवशी पाय वाळले की सगळे तिच्याकडे बघायचे. तिनं मान हलवली की उठायचे. देवळातून रोज तीर्थ यायचं, ते ती पाठ न वळवता, हात मागं करून घ्यायची.

बत्तीस वर्षं ती तशी बसली. त्या बत्तीस वर्षांत बोरडीच्या उतारावर एक माणूस गेला नाही. ती गेल्यावर लाडाईनं, तेव्हा तिचेही केस पिकले होते, पाथरवटाकडून ही मूर्ती करून घेतली आणि ती बसायची तशीच बसवली. पुढं कुणा कुणा भाविकाला वाटलं, बाईनं देवाकडे पाठ करावी हे बरं दिसत नाही. तीनदा मूर्ती फिरवून देवाकडे तोंड केलं. तिन्ही वेळा सकाळी बघावं तर बाई पुन्हा पाण्याकडे. आता, आमच्याच घरची माणसं पहाटे उठून फिरवत असतील असं कुणी म्हणेल. म्हणू द्या.

पण देवळात जाल तेव्हा नंदी नीट बघा. कुठल्याही महादेवाचा नंदी पिंडीकडे तोंड करून असतो. आमच्या नंदीची मान उजव्या खांद्यावरून मागं वळलेली आहे, दारातून थेट बारवेच्या दुसऱ्या पायरीकडे. एक अभ्यासक सांगून गेले, दगडातच वाक असेल. असेल. आमच्याकडे म्हणतात, रेमाईनं बेल उंबऱ्यावर ठेवला त्या दिवशी ती मान वळली. बाई येत नाही तर देवानं निदान बघणारा तरी धाडला. आणि बाईनं जन्मात मागं वळून पाहिलं नाही, म्हणून तिला ते कधी कळलंच नाही.

आजही फेरीतलं माणूस इथं पाय वाळेपर्यंत बसतं. का बसतं, ते बहुतेकांना माहीत नसतं. नदीवर आता फरशी पूल झालाय, गुडघाभर उंचीचा. पुलाच्या तोंडाशी फलक आहे, 'पाणी असताना पूल ओलांडू नये', त्या फलकाला टेकून माणसं फोटो काढतात. मी आधी सरळ सांगायचो, की वर पाऊस आहे, बारव लाल झालीय, अर्धा तास थांबा. तीन वर्षांपूर्वी एका गाडीला असंच सांगितलं. आतला माणूस काच खाली करून म्हणाला, "काका, आम्हाला गाइड नकोय." गाडी दुसऱ्या दिवशी दीड कोसावर सापडली. माणसं बाभळीवर चढली म्हणून वाचली. उतरल्यावर मला म्हणतात, कुणी सांगितलं कसं नाही? त्या दिवसापासून मी सरळ सांगायचं सोडलं. गोष्ट सांगतो. ही गोष्ट लांबलचक आहे अशी तक्रार येते. ती बरोबर पाय वाळायला लागतात तेवढीच लांब आहे.

चला, आता खाली बघा. उज्ज्वलाताई, तुमची नजर चांगली दिसते, तुम्ही बघा. तळाशी कासव दिसतंय का? नीट बघा. डोळे नसू देत, पाठ तरी?

नाही ना.

कुलथे सर, शिट्टी खाली. मोबाइलमध्ये ऊन दाखवतंय, मान्य. तो इथलं ऊन दाखवतोय, ते मलाही दिसतंय. वर फोन लावायला डोंगरात रेंज नाही. पलीकडचं जेवण गार होईल, होऊ द्या. काय म्हणता? पाय केव्हाच वाळले?

नाही वाळले. सगळ्यांचे पाय अजून ओले आहेत. तुमचेही. बसा.

बेल आणा म्हणाल तर आणा, उचलतो.